घारीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

१८ नोव्हेंबर

कुठेतरी पाणी मुरतंय. दिवाळीआधी वर्गात एकोणीस डोकी होती, आज चौदा. त्यातली निम्मी तोंडातल्या तोंडात बोलतात. मी विचारतो, काय म्हणालास? की लगेच एकमेकांकडे बघतात. सुरतेतल्या आमच्या लिंबायतची माणसं अशी कधीच नव्हती. कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची यांची सवय. आता सगळ्यांच्या घशात एकदम कापूस कुठून आला?

विद्यार्थ्यांना मी सांगतो, रोज दहा वाक्यं इंग्रजीत लिहा. स्वतः मात्र मराठीत लिहितोय, हे कबूल. मनातला संशय इंग्रजीत लिहायला बसलं की त्याचा निबंध होतो.

उधन्याला नवा क्लास निघालाय. ए.सी. आहे, भिंतीएवढा टीव्ही आहे. माझ्याकडे घराची पुढची खोली, एक फळा, आणि मी. योगराज पाटील, एकवीस वर्षं लूम चालवून बाहेरून बी.ए. झालेला. लूमवर कांडी बदलता बदलता मी इंग्रजी शब्द पाठ केलेत. ते टीव्ही लावून येत नाहीत. पण पाच जण गेले ते आपोआप गेले नाहीत. आतून कोणीतरी फितूर आहे.

२१ नोव्हेंबर

आज गायत्रीने नवीन टूम काढली. ही बावीस वर्षांची, दिवसा साडी मार्केटमध्ये बिलं बनवते. जानेवारीत कतारगामला हिऱ्यांच्या एका ऑफिसात तिचा इंटरव्ह्यू आहे. चांगल्या नोकरीसाठी गेल्या वर्षापासून येते. हुशार आहे. जरा जास्तच.

चांदनी पडव्याला इथे खातात त्या घारीच्या मिठाईचा रिकामा खोका घेऊन आली. वर चाकूने फट पाडलेली. माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता फळ्यावर लिहिलं: सर, उठून प्रश्न विचारायला लाज वाटते. यात चिठ्ठ्या टाकू का?

तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी इतरांकडे पाहिलं, तर सगळे माना डोलावत होते. म्हणजे आधी ठरलेलं. सुकदेव रिक्षावालासुद्धा उभा राहिला. तो पूर्वी माझ्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कामाला होता, त्याचा आवाज छातीतून येतो, त्यामुळे वर्गात तोच एक सरळ माणूस वाटतो. म्हणाला, "सर, ऱ्हाऊ द्या ना. माले बी उठीसन इचाराले लाज वाटस."

सुकदेवला लाज! ट्रॅफिक पोलिसाशी भर चौकात हुज्जत घालणारा हा गडी. पण सगळ्यांपुढे नाही कसं म्हणणार? खोका ठेवून घेतला.

२२ नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी अकरा चिठ्ठ्या. म्हणजे प्रश्न होते तर! मग इतके दिवस गप्प का बसले होते?

प्रश्न नेहमीचेच. 'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी? कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. 'डिस्कस अबाउट' का चालत नाही? कारण डिस्कसच्या पोटातच 'विषयी' आहे, दुसरं कशाला घालायचं? 'आय हॅव वन डाउट' बरोबर का? आपल्याकडे सगळे म्हणतात, पण साहेबाच्या इंग्रजीत डाउट म्हणजे अविश्वास. विचारायचंच असेल तर 'क्वेश्चन' म्हणा.

मग एक चिठ्ठी: यू हा स्वर आहे, तर 'अॅन युनिव्हर्सिटी' का नाही? या प्रश्नावर मी खुलतो. खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "इथे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. अक्षर काय आहे ते बघू नका, कानाला काय ऐकू येतं ते बघा. भाषा कानाने शिकायची असते!"

एरवी या वाक्याला माना डोलतात. आज कोणी हललं नाही. गायत्री वहीकडे बघत बसली. मी काय चुकीचं बोललो?

२ डिसेंबर

सकाळी सगळ्या चिठ्ठ्या ओट्यावर उन्हात पसरून अक्षरं तपासली. चौदाही जणांची ओळखली. सुकदेवचं अक्षर रिक्षासारखंच, कुठूनही कुठे वळतं. पण चार चिठ्ठ्यांचं अक्षर वर्गातल्या कोणाचंच नाही. गोल, ठसठशीत, मराठीत. म्हणजे बाहेरचा माणूस माझ्या खोक्यात चिठ्ठ्या टाकतोय.

त्यातली एक अशी: इंग्रजीत नवऱ्याला 'यू' आणि कुत्र्यालाही 'यू'. मग 'अहो' कसं म्हणायचं?

आधी हसलो. मग वाटलं, ही परीक्षा आहे. उधनावाल्याला बघायचंय, पाटील सरांना कितपत येतं. मीही कच्चा नाही. फळ्यावर लिहून दिलं: इंग्रजीत मान सर्वनामात नसतो, विचारण्याच्या रीतीत असतो. 'कम हिअर' म्हणू नका, 'कुड यू प्लीज कम हिअर' म्हणा. स्वयंपाकघराच्या पडद्याआड माझी बायको मालती साड्यांचे धागे कापत बसलेली असते, तिकडून पडदा जरा हलला. वारं असावं.

९ डिसेंबर

दारावरची बेल बिघडली आहे. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा 'चालू आहे' म्हणाला. आता इलेक्ट्रिशियनही खोटं बोलायला लागले.

एक मालतीच तेवढी आपली. पूर्वी आतूनच ओरडायची. हल्ली उठून समोर येते, कोपराला हात लावते आणि मगच बोलते. उतारवयात बायको मऊ होते म्हणतात, ते खरं असावं. दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या कानांविषयी काहीतरी काढलं होतं. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. कोमट तेलाचे दोन थेंब घातले, मळ निघाला, विषय संपला. इंग्रजीच्या मास्तराच्या कानाला नाव ठेवलेलं बाहेर कळलं तर वर्गात कुत्रं फिरकणार नाही. एवढं तिला कळायला नको?

१६ डिसेंबर

त्या गोल अक्षरात आज: रागीट माणसाला 'माझं एकदा ऐकून घ्या' हे त्याला न दुखवता कसं सांगायचं?

मी लिहिलं: 'प्लीज हिअर मी आउट.' पण लिहिता लिहिता कळलं. ही धमकी आहे. कोणीतरी मला काहीतरी सांगणार आहे, आणि ते मला झोंबणार आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे. काय असेल? बी.ए.ला इंग्रजीत दोनदा नापास झालो होतो, ते? ते तर मालतीशिवाय कोणाला माहीत नाही.

वर्ग सुटल्यावर गायत्री पाणी प्यायला म्हणून आत गेली, ती पंधरा मिनिटं बाहेर आली नाही. मी डोकावलो तर दोघी एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. मला बघताच गप्प. मालतीने ओट्यावरचं एक कार्ड पटकन डब्याखाली सरकवलं.

मालतीसुद्धा?

१७ डिसेंबर

मालती भाजी आणायला गेल्यावर डबे उचकले. कार्ड सापडलं नाही. घरात चोर मी झालो.

२८ डिसेंबर

आज व्हायचं ते झालं.

गायत्रीचा सराव इंटरव्ह्यू घेत होतो. ती खिडकीकडे पाठ करून बसलेली. मी विचारलं, 'टेल मी अबाउट युअरसेल्फ.' तिचे ओठ हलले. मी म्हणालो, मोठ्याने. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणालो, अगं, तिथले साहेब तुझ्या तोंडात कान घालून बसणार आहेत का? बाकीच्यांतले काहीजण म्हणाले, सर, ती मोठ्यानेच बोलतेय. म्हणजे सगळा वर्ग एका बाजूला आणि मी एका बाजूला! गायत्री उठून माझ्या अगदी कानाशी आली आणि काहीतरी बोलायला लागली. माझ्या अंगावर येऊन, सगळ्यांसमोर! मी म्हटलं, "बस झाली तुझी नाटकं. कोणी पाठवलंय तुला, मला माहीत आहे. उद्यापासून यायचं नाही. घारीचा डबा पण घेऊन जा."

डबा तिने नेला नाही. डोळे पुसत गेली. जाताना चपला हातात घेऊनच गेली.

३० डिसेंबर

नऊ जण आले.  वर्ग सुटल्यावर सुकदेव दारात थांबून म्हणाला, "सर, तुम्ही चुकी ऱ्हायनात. ती पोर सोनं शे." मग आणखी काहीतरी बोलणार होता, पण पडद्यातून मालतीने हात हलवला आणि तो गप्प झाला. मी पाहिलं. हात हलवलेला मी स्पष्ट पाहिला.

घरात एकाच ताटात जेवून माणूस वैरी होतो का? जेवताना तिने विचारलं, "काब्र चिडतस इतला?" का चिडतो ते मलाच विचारते!

६ जानेवारी

लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो. आज मी बायकोचा पाठलाग केला.

दुपारी मालती 'बहिणीकडे जाऊन येते' म्हणून निघाली. तिची बहीण राहते बारडोलीला, आणि ही चढली कतारगामच्या शेअर रिक्षात. मी मागच्या रिक्षात. कतारगामच्या नाक्यावर गायत्री उभीच होती. दोघी रस्ता ओलांडून एका दुकानवजा दवाखान्यात शिरल्या. काचेवर एक भलामोठा कान काढलेला. आत कानाच्या मशीन मांडून ठेवलेल्या.

मी समोरच्या पानाच्या टपरीला टेकून उभा राहिलो.  उधन्याचा क्लास नाही, कटकारस्थान नाही, काही नाही. माझ्या मालतीला ऐकू येत नाही! लग्नानंतर आठ वर्षं तिनेही खात्यात कांड्या भरल्या आहेत. तो खडखडाट तिच्या कानांवर चढला आणि मला पत्ताही नाही. मला सांगायची तिला भीती वाटली, म्हणून त्या पोरीला सोबत घेतली.

आणि मी डबे उचकत होतो. गाढव आहे मी.

७ जानेवारी

आता सगळं जुळतं. बोलायच्या आधी ती जवळ का येते? कारण लांबून माझं उत्तर तिला ऐकू येत नसणार. मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून का बघते? टीव्हीचा आवाज मी हल्ली चांगला मोठा ठेवतो, शेजारचे भिंत ठोकून जातात, पण ही चकार शब्द काढत नाही. का? तिला त्रासच होत नाही!

आजपासून तिच्याशी मोठ्याने बोलायचं ठरवलं. समोर बसून, सावकाश. सकाळी म्हणालो, "मालती! चहा! छान! झालाय!" तिच्या हातून कप सुटता सुटता राहिला. बिचारी दचकली. कित्येक दिवसांनी धड ऐकू आलं असेल.

१४ जानेवारी

आज उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. या वर्षी सुरतेच्या लोकांना अक्कल आली म्हणायची. दर वर्षी गच्च्यांवर स्पीकरच्या भिंती लावून डोकं उठवतात, पिपूड्या फुंकून जीव नकोसा करतात. यंदा नुसती एक मंद घरघर. पिपूड्या पोरांच्या तोंडाला होत्या, गाल फुगवत होती, पण फुंकत नव्हती कोणी. सुकदेव पतंग उडवायला आमच्या गच्चीवर आला होता. तो मध्येच दोन्ही कानांत बोटं घालून बसला. म्हटलं, अरे, एवढी शांतता आहे! तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मालतीकडे पाहिलं.

तिळाचा लाडू देताना मी मालतीला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. "मला सगळं कळलंय. कतारगामचं दुकान पाहिलंय मी. त्यात लाजायचं काय? आपण दोघं जाऊ. तू घाबरू नकोस, तुझ्या आधी मी तपासून घेतो. मला काही नसलं तरी बसतो. मग तर झालं?"

तिने पदर डोळ्यांना लावला.  पकडलं गेल्यावर माणूस रडतंच. मीही थोडा रडलो.

१७ जानेवारी

हे कसं लिहू?

सुकदेवच्या रिक्षातून गेलो. तपासणाऱ्या बाई गुजराती, समोर बसून बोलल्या. "काका, अवाज आवे एटले बटन दबावजो." आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. मालती म्हणाली, "पहिले तुम्ही बठा." मी म्हटलं, बसतो की, ठरलंच आहे. जाड दाराची लहान खोली, मध्ये काच. कानांवर हेडफोन, हातात बटण. दार लावलं. मी काचेतून मालतीकडे बघून हसलो, की बघ, किती सोपं आहे.

आवाजाची वाट बघत बसलो. बाईंचा हात समोरच्या मशीनवर. मी वाट बघतोय. बराच वेळ गेला. मी खूण केली, चालू करा. त्यांनी मान हलवली, चालू आहे. मनात म्हटलं, बेलसारखंच दिसतंय, इलेक्ट्रिशियन इथेही येऊन गेला असणार. मध्ये दोनदा काहीतरी घूं झालं तेव्हा दाबलं. मग पुन्हा काही नाही. बाई बटण फिरवतायत, कागदावर खुणा करतायत. खुणा खाली खाली उतरत चाललेल्या.

मालती काचेला चिकटून उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या अंगठ्याकडे बघत होती. दोन्ही हात जोडलेले. तिचे ओठ हलले, "दाबा ना ओ. देवा, एकदा तरी दाबू दे."

शब्द न् शब्द कळला मला. पण काच जाड होती, दार बंद होतं, कानांवर हेडफोन होते.

खात्यात आम्ही असंच बोलायचो. दोनशे लूमच्या धडधडाटात आवाजाचा काय उपयोग? चार लूम पलीकडचा माणूस ओठ हलवायचा आणि आपण समजायचो, जेवायला चल, धागा तुटला, मालक आला. मालती आणि मी लग्नानंतर पहिलं भांडणही तसंच केलंय, आवाज न काढता, कांडी मशीनच्या दोन बाजूंना उभं राहून.

म्हणजे ती समोर येऊन, कोपराला हात लावून बोलते, ते मी ऐकत नव्हतो. बघत होतो. किती वर्षं?

बटण मी खाली ठेवलं. बाई काय म्हणाल्या ते मालतीने नंतर सांगितलं, समोर उभं राहून, उजेडात. दोन्ही कान. मशीन आठ दिवसांनी मिळेल. रिक्षात सुकदेवने आरसा वळवून घेतला, मला त्याचं तोंड दिसेल असा. 

१८ जानेवारी

आज वर्ग घेतला नाही. सकाळी मिठाचा डबा घेतला, त्यावर कागद चिकटवलेला: मीठ, जाडं. गोल, ठसठशीत अक्षर. शेजारी हळद, मिरची, पापडखार. वीस वर्षं रोज बघतोय हे अक्षर आणि ओट्यावर चिठ्ठ्या पसरून गुप्तहेर शोधत होतो.

मालतीला विचारलं, अहो कसं म्हणायचं ते तू विचारलंस? म्हणाली, अकरा वर्षं पडद्यामागे बसून वर्ग ऐकतेय, एक तरी प्रश्न मनात येणार नाही का? आणि 'माझं ऐकून घ्या' हा? त्यावर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. गायत्रीला मशीनची चौकशी करायला तिनेच सांगितलं होतं, डब्याखालचं कार्ड त्याच दुकानाचं. डब्याची युक्ती गायत्रीची. सरांना कमीपणा वाटू नये म्हणून आपल्यालाच लाज वाटते असं सांगायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. जे पाच गेले ते मात्र खरंच कंटाळून गेले. चारचारदा तोच प्रश्न विचारून.

इतकी माणसं माझ्या पाठीमागे एक झाली होती, हे मी बरोबर ओळखलं होतं. बाकी सगळं चुकलं.

भीती गेलेली नाही. ऐकू न येणाऱ्या मास्तराकडे इंग्रजी कोण शिकेल? 

१९ जानेवारी

उद्या गायत्रीचा इंटरव्ह्यू. आज मालतीला घेऊन तिच्या घरी गेलो. गल्लीतल्या बायका ओट्यावर पापड वाळत घालत होत्या, तिची आई त्यांतच होती. गायत्री दारात आली आणि आत अंधारात उभी राहून काहीतरी बोलली. मला फक्त हललेले ओठ दिसले.

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती, माफीची, चांगली. ती सगळी विसरलो. सगळ्या गल्लीसमोर म्हणालो, "पोरी, जरा उजेडात ये. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो. पापड पसरणारे हात थांबले. मालतीने माझा कोपर घट्ट धरला.

गायत्री उजेडात आली. ओट्यावरच समोरासमोर बसलो आणि अर्धा राहिलेला इंटरव्ह्यू पहिल्यापासून घेतला. एखादा शब्द ओठांवरून सुटला तर मालती बाजूने दाखवायची, आवाज न करता. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'पासून 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स'पर्यंत. एका ठिकाणी 'सिन्स'च्या जागी 'फॉर' म्हणाली, तेवढंच सुधारलं. चांगली बोलते. गेले वर्षभर चांगलीच बोलत असणार.

निघताना मी विचारलं, "त्या दिवशी मी तुला हाकललं, तेव्हा तू माझ्याजवळ येऊन काय सांगत होतीस?"

ती आधी मालतीकडे बघायला लागली. मग माझ्याकडे वळली, चेहरा नीट उन्हात धरला आणि सावकाश म्हणाली, "हेच, सर. तुम्हाला ऐकू येत नाही. तीनदा सांगितलं."